बसवलेले मशीन आणि चालणारे मशीन

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू घरी आला होतास, तेव्हा कमिशनवर दुकानांत कार्डाची मशीन बसवण्याच्या नव्या कामात पहिल्याच महिन्यात १९ स्वाइप मशीन बसवल्याचे सांगितलेस आणि निघताना, "काका, दर महिन्याला ठरावीक पैसे यायला किती काळ लागेल?" असे विचारलेस. घरात पाहुणे असल्यामुळे मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. १९ हा आकडा खरोखरच चांगला आहे. मात्र मला पुढच्या वर्षी याच महिन्यात त्या १९ पैकी किती मशीनवर कार्ड घासले जात असेल, हे जाणून घ्यायला अधिक आवडेल, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आधी पैसा कुठून येतो ते स्वच्छ समजून घे. ग्राहकाने कार्ड दिले की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही, त्यातून एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतले जाणारे टक्केवारीचे शुल्क, कापला जातो. या कपातीतला सर्वांत मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणारी बँक घेते, काही भाग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या नेटवर्ककडे जातो, आणि जे उरते त्यातून मशीन देणारी बँक किंवा कंपनी स्वतःचा खर्च भागवून तुझा हिस्सा काढते. त्यामुळे दुकानदार घासाघीस करतो म्हणून तू शेकडा १० पैसे कमी केलेस, तर वरच्या दोघांना त्याची झळ लागत नाही. ते १० पैसे शेवटच्या चतकोरातूनच जातात आणि कधी कधी अख्खा चतकोर खाऊन टाकतात. नव्या मुलांच्या हे लक्षात येत नाही. दर पाडून मिळवलेला दुकानदार आणखी ५ पैसे कमी सांगणारा दुसरा कोणी आला की त्याच्याकडे जातो, हे निराळेच.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. इतर डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे: मशीनवर स्वाइप केल्यास वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानासाठी ०.४० टक्के आणि त्यावरील दुकानासाठी ०.९० टक्के, त्यातही एका व्यवहारामागे अनुक्रमे २०० आणि १,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. याचा अर्थ असा, की ज्या अमृततुल्यात दिवसाला ५०० वेळा क्यूआर स्कॅन होतो तिथून तुला साउंडबॉक्सच्या (पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या डब्याच्या) भाड्यातला हिस्सा मिळाला तर मिळेल, परंतु उलाढालीवर काही मिळणार नाही. आणि ज्या टायरच्या दुकानात दिवसाला जेमतेम ८ कार्डे घासली जातात, तशा दुकानांवर तुझे घर चालू शकते.

समजा त्या टायरवाल्याकडे महिन्याला क्रेडिट कार्डाची ५ लाखांची उलाढाल आहे, सगळ्यांचे वाटे जाऊन कंपनीकडे ०.२० टक्के उरतात आणि करारानुसार त्यातले ४० टक्के तुझे आहेत. म्हणजे कंपनीचे १,००० आणि तुझे ४०० रुपये. अशी १०० दुकाने असतील तर महिन्याला ४०,००० रुपये. हा हिशोब प्रत्येकजण करतो आणि इथेच थांबतो. पुढचा हिशोब असा: दर महिन्याला ५ दुकाने जोडलीस आणि ४ तुटली, तर वर्षभरात ६० दुकानांची पायपीट करूनही हाती १२ च वाढतात. तुटणारे दुकान महिन्याला एकच असेल, तर तेवढ्याच पायपिटीत ४८ वाढतात. त्यामुळे आठवड्यातला एक पूर्ण दिवस जुन्या दुकानांसाठी राखून ठेव आणि त्या दिवशी नवा अर्ज भरूच नकोस.

हे मला उशिरा कळले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा लक्ष्मी रस्त्यापासून भवानी पेठेपर्यंत दुकानदार स्वतः फोन करून मशीन मागत होते. त्या हिवाळ्यात मी रोज रात्री ११ पर्यंत अर्ज भरले आणि प्रत्येक मशीनमागे मिळणाऱ्या एकरकमी पेआउटवर खूष होतो. नोटा परत फिरू लागल्या, तशी ती मशीन एकेक करून कपाटात गेली. दीड वर्षाने पाहिले तर निम्म्याहून अधिक बंद होती, आणि ज्या कंपनीचे काम मी करत होतो तिने बंद मशीनचे पेआउट माझ्या पुढच्या कमिशनमधून वसूल केले. करारात तसे लिहिलेले होते. मी ते पान वाचले नव्हते. सलग तीन महिने हातात जवळजवळ काहीच आले नाही आणि मुलीच्या शाळेची फी मी भावाकडून उसने घेऊन भरली.

त्यानंतर मी दुकाने निवडून घेऊ लागलो. पुण्यात हिंडताना तू रस्ता पाहू नकोस, धंदा पाहा. ज्या धंद्यात बिल मोठे असते आणि ग्राहकाला पैसे महिनाभराने किंवा हप्त्याने द्यायचे असतात, तिथे क्रेडिट कार्ड निघते: दाताचे दवाखाने, चष्म्याची दुकाने, फर्निचर, टायर-बॅटरी, घरगुती उपकरणे, प्राण्यांचे दवाखाने, गाड्यांची सर्व्हिस सेंटर. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांची उलाढाल जूनमध्ये उसळते आणि मग ओसरते, म्हणून तुझी सगळी दुकाने एकाच हंगामावर जगणारी नसावीत. नवे म्हणशील तर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि मोठ्या रकमेच्या अशा व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेतले जाते. तुझ्या करारात त्यातला हिस्सा धरला आहे का, हे जरूर विचार.

दुकान टिकते ते हिशोब जुळल्यामुळे. टिळक रस्त्यावर एक चष्म्याचे दुकान आहे. तिथले आजोबा मशीनच्या रोजच्या एकूण रकमेची नोंद पेन्सिलीने एका लांब वहीत करत आणि बँकेत कमी पैसे जमा झाले की घाबरून जात. मशीन काढून न्या, म्हणून त्यांनी मला बोलावले. मी दुपारी शटर अर्धे ओढलेले असताना त्यांच्यासमोर बसलो आणि महिन्याभराची सेटलमेंट, म्हणजे कपातीनंतर बँकेत जमा झालेल्या रकमा, ओळीओळीने त्या वहीशी ताडून पाहिली. एमडीआर वजा होतो हे त्यांना माहीत होते, पण त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि २,००० रुपयांपर्यंतच्या कार्डव्यवहारांवरील बँकेच्या शुल्काला तो लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तरीही ४०० च्या आसपास फरक राहिला. शेवटी सापडले, की मशीनचे भाडे एकाच महिन्यात दोनदा कापले गेले होते. ते परत मिळवायला मला तीन आठवडे लागले. आजोबा आता नाहीत, दुकान त्यांची सून पाहते, पण मशीन तेच आहे आणि त्या एका दुपारीमुळे त्याच रस्त्यावरची सहा दुकाने माझ्याकडे आली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तर मी फक्त कागदाचे रोल वाटत फिरतो. रोल संपला म्हणून ऐन गर्दीत बंद पडलेले मशीन दुकानदार वर्षभर विसरत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र मी तुला कळकळीने बजावतो. काही दुकानदार वस्तू न विकता लोकांची क्रेडिट कार्डे घासून त्यांना रोख रक्कम देतात आणि वर टक्के कापून घेतात. अशा दुकानाची उलाढाल डोळे दिपवणारी असते, आणि तुझा वरिष्ठसुद्धा कदाचित त्याकडे काणाडोळा करील. छोट्याशा स्टेशनरीच्या दुकानात महिन्याला २५ लाखांची गोल आकड्यांची स्वाइप दिसली, तर दुसऱ्या दिवशी कंपनीला कळव. पकडले गेल्यावर सेटलमेंट अडकते, खाते बंद होते आणि अर्जावर सही तुझी असते. दुकानदाराचा ओटीपी मागू नकोस, त्याची कागदपत्रे स्वतःच्या फोनमध्ये साठवू नकोस आणि भाडे असताना "मशीन फुकट आहे" असे कधीही म्हणू नकोस. डेबिट कार्डाचे शुल्क ग्राहकाकडून वेगळे घेता येत नाही, हेही दुकानदाराला पहिल्या दिवशीच सांग. नाराज झाला तरी सांग.

करांबद्दल थोडक्यात लिहितो. कमिशनवरील टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ ऐवजी २ टक्के झाला आहे, त्यामुळे हातात जास्त येते आणि सगळे आपलेच वाटते. छोट्या व्यावसायिकांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरण्याची जी सवलत आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही, म्हणून पेट्रोल, फोन आणि रोल यांच्या पावत्या पहिल्यापासून जपून ठेव.

तुझ्या मूळ प्रश्नाविषयी म्हणशील, तर मला तीन वर्षे लागली असती, पण २०१६ च्या त्या घाईमुळे पाच लागली. तुझ्या करारात मला तीन ठिकाणी पाहायचे आहे: मासिक हिस्सा किती काळ मिळत राहणार, मशीन किती महिन्यांत बंद पडले तर पेआउट वसूल होणार, आणि तू काम सोडलेस तर तुझ्या दुकानांवरचा हिस्सा चालू राहणार की त्याच दिवशी थांबणार. या तिसऱ्या कलमावर बहुतेक करारांत एकच ओळ असते आणि ती शेवटच्या पानावर असते. शनिवारी दुपारी १ ते ४ दुकाने बंद असतील तेव्हा कराराची प्रत आणि त्या १९ दुकानांची यादी घेऊन ये. सही केलेली नसेल तर तोवर करू नकोस.

तुझा,
काका