छत्री जुळवायला कोणता मीटर घ्यावा?

प्रश्न : आमचं घर निफाडजवळच्या मळ्यात आहे. केबल इथवर येत नाही, म्हणून फ्री डिशची दोन फुटी छत्री लावली आहे. वादळी वारा झाला की ती सरकते आणि माणूस यायला दोन-तीन दिवस लागतात. भावाच्या आणि आमच्या सालदाराच्या घरावरची छत्रीही मीच बघतो. नाशिकला एम. जी. रोडवर चौकशी केली. एकाने काट्याचा छोटा मीटर दाखवला, दुसऱ्याने दिवे आणि होकायंत्र बसवलेला, तिसऱ्याने पडद्याचा, काही हजारांचा. परवडेल असा कोणता घेऊ?
– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : तुमच्या तीन छत्र्यांना काट्याचा मीटर पुरेल. अट एकच, छत्री जुळवताना तुमचा सेट-टॉप बॉक्स आणि एखादा लहान टीव्ही गच्चीवर न्यायची तयारी हवी. ती नसेल तर पडद्याचाच घ्या. मधला, दिव्यांचा आणि होकायंत्राचा, कोणीच घेऊ नये असं माझं मत आहे. दिवे लागले काय आणि काटा हलला काय, आत मोजणारं यंत्र तेच असतं. आणि ते होकायंत्र छत्रीच्या लोखंडाजवळ धरलं की भलतीच दिशा दाखवतं.

काट्याचा मीटर बाजारात एसएफ-९५ या नावाने मागा. निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने तोच मिळतो, तीन-चारशे रुपयांच्या आसपास. एलएनबीकडून, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीकडून, ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जे काही येतं, ते सगळं तो एकत्र मोजतो. उपग्रह कोणता, हे त्याला कळत नाही. समोर उपग्रह आहे की भिंत, हेही कळत नाही. छत्री घराच्या भिंतीकडे किंवा झाडाकडे वळवून बघा, काटा चढेल, कारण भिंत, झाड, जमीन सगळेच या पट्ट्यात थोडा गोंगाट सोडत असतात. मोकळ्या आकाशाकडे वळवली की काटा खाली येतो, आणि उपग्रह समोर आला की पुन्हा झटकन चढतो. हा दुसरा चढ ओळखता आला पाहिजे.

तरीही खरी अडचण शेजारच्या उपग्रहाची असते. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर. दोघांत दीड अंशाचं अंतर, आणि तुमची साठ सेंटीमीटरची छत्री साधारण तीन अंशांचं आकाश एकदम बघते. म्हणजे काटा दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने चढणार! नाशिक-निफाड भागातून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून सुमारे ५८ अंश. डिश टीव्हीवाला त्याच्यापेक्षा दोन-सव्वादोन अंश पूर्वेकडे आणि अंशभर खाली. छत्रीच्या कडेला हा फरक जेमतेम सेंटीमीटरभर भरतो. छत्री ‘थोडीशी’ सरकवा असं मी कुणाला सांगते तेव्हा ते थोडंसं एवढंच असतं.

म्हणून शेवटचा निकाल बॉक्सकडून घ्यायचा. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे काट्याचाच भाऊ, तिच्याकडे बघू नका. क्वालिटीची पट्टी मात्र फक्त तुमच्या उपग्रहाच्या, तुम्ही निवडलेल्या वारंवारतेच्या सिग्नललाच उठते. शेजारचा उपग्रह लागला असेल तर स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य, असं दिसेल. एवढं एक वाचता आलं की स्वस्त मीटरची निम्मी उणीव भरून निघते.

कामाचा क्रम असा. आधी खांब. ओळंबा लावून बघा, गवंडी लावतो तसाच, दोन बाजूंनी. खांब तिरका असेल तर ब्रॅकेटवरच्या अंशांच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही आणि छत्री डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते. बॉक्स बंद करून मगच मीटर जोडा, एलएनबीची केबल एका तोंडाला, बॉक्सकडची दुसऱ्या तोंडाला. चालू बॉक्सवर पिन जोडताना मधली तार केबलच्या बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्समधला एलएनबीचा पुरवठा जळू शकतो. मीटरला वीजही बॉक्सकडूनच मिळते, १३ किंवा १८ व्होल्ट. बॉक्स चालू केल्यावर मीटरवरचं बटण फिरवून काटा मध्यावर आणा, आणि छत्री हळूहळू फिरवत राहा. काटा शेवटाला टेकला की बटण मागे घ्या. हे बरेच जण करत नाहीत. काटा एकदा शेवटाला चिकटला की सिग्नल वाढतोय की नाही ते कळायचं कसं?

आमच्या छत्र्या ऑफसेट, म्हणजे एलएनबी मध्यासमोर नसून खालच्या कडेकडे असलेल्या, असतात, त्यामुळे त्या डोळ्यांना जरा उभ्या वाटतात. तुम्ही अंदाजाने ती आकाशाकडे ५८ अंश वळवायला गेलात तर फार वर जाल. ब्रॅकेटवरचा आकडाच पाळा. दिशा सापडली की एलएनबी तिच्या पकडीत थोडी-थोडी फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त कुठे होते ते बघा. मग नट एकेक करून, आळीपाळीने आवळा आणि आवळताना पट्टीवरची नजर काढू नका, कारण एका बाजूने आवळलं की छत्री तेवढीच सरकते. काम झालं की मीटर काढून केबल थेट जोडा. मधे राहिला तर तो सिग्नल खातो, आणि पावसात टिकतही नाही.

आता पडद्याचा मीटर. याला स्वतःची बॅटरी असते, म्हणून बॉक्स-टीव्ही वर न्यायची गरज नाही, आणि तो क्वालिटी स्वतः वाचतो. दुसऱ्यांच्या छत्र्या लावून चार पैसे मिळवायचा विचार असेल तर हाच घ्या. आमच्या सातपूरच्या दुकानात नवीन मुलं शिकायला येतात, त्यांच्या हातात मी पहिल्यापासून हाच देते. मात्र घेताना तो डीव्हीबी-एस-२, म्हणजे उपग्रहावरून सिग्नल पाठवायची नवी पद्धत, वाचतो का ते विचारा. सॅटलिंकचा ६९०६ हा जुना मीटर फक्त डीव्हीबी-एस वाचतो, ६९३३ एस-२ ही वाचतो, आणि जुन्याच्या नकला अजून खपवल्या जातात. दुकानाच्या बाहेर, उन्हात नेऊन पडदा दिसतो का ते बघा, कारण काम उन्हातच करायचं असतं. मीटरमध्ये एलएनबीचा प्रकार ९७५०/१०६०० निवडा आणि वारंवारता तुमच्या बॉक्समध्ये दिसते तीच भरा.

तुमची छत्री दर वाऱ्याला सरकते, ते मात्र कोणताच मीटर थांबवणार नाही. मीटरमध्ये वाचलेले पैसे जाड पाइपात, काँक्रीटच्या पायात आणि चांगल्या आरजी-६ केबलवर घाला.

प्रश्न : मोबाइलमधल्या अ‍ॅपने छत्री लावता येते असं ऐकलं. मग मीटर हवाच कशाला?
– एक गृहिणी, म्हसरूळ

उत्तर : अ‍ॅप दिशा दाखवतं, सिग्नल मोजत नाही. समोर इमारत किंवा झाड आडवं येतंय का, हे छत्री विकत घ्यायच्या आधीच बघायला मात्र ते फार उपयोगी आहे, जरूर वापरा. फोन पत्र्याच्या शेडपासून, लोखंडी कठड्यापासून लांब धरा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे आकडा तसाच धरला तरी चालतं.

अडथळा तपासायची आणखी एक पद्धत आहे, तिला काहीच खर्च नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, नाशिकहून पाहिलं तर सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या पाठीशी येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर झाडाची सावली पडत असेल तर तिथे छत्री लावू नका.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये काही दिवस सकाळी ठरावीक वेळी चित्र तुटतं आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं. मेकॅनिक म्हणतो एलएनबी बदला.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बदलू नका. वर सांगितलेला सूर्यच याला कारण आहे. तो उपग्रहाच्या मागे आला की त्याचा गोंगाट थेट छत्रीत शिरतो, काही मिनिटं चित्र जातं आणि चार-सहा दिवसांत हा प्रकार आपोआप थांबतो. डीटीएच कंपनीचा उपग्रह वेगळा असेल तर वेळ थोडी पुढेमागे होते. दिवाळीनंतरही रोज चित्र तुटत राहिलं, किंवा वेळ ठरावीक नसेल, तर आधी एलएनबीच्या तोंडाशी असलेली पिन उघडून बघा. बहुतेक वेळा पावसाळ्यात तिथे पाणी शिरलेलं असतं आणि तार हिरवी पडलेली असते. नवी पिन लावा, वर रबरी टेप गुंडाळा, आणि मग क्वालिटीची पट्टी बघून मला कळवा.