दिवाळीनंतर नको

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका सायकलस्वाराने 11 नोव्हेंबर 2023 रोजी 42,500 रुपयांचा जीपीएस सायकल कॉम्प्युटर, म्हणजे राइडचा रस्ता आणि चढ नोंदवणारं छोटं यंत्र, ऑनलाइन मागवला. कसारा ते इगतपुरी या एकाच रस्त्याला तो कधी 310 मीटर चढ दाखवतो, तर कधी 490. जानेवारी 2024 मध्ये पहिली तक्रार केली, मार्चमध्ये यंत्र बदलून मिळालं, तरी फरक तसाच. नंतर वर्षभर ‘पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल’ अशा मेल आल्या आणि जुलै 2025 मध्ये कंपनीने हात वर केले. चुकीच्या चढामुळे एका ऑनलाइन चॅलेंजमधून नावही वगळलं गेलं. फसवणुकीचा गुन्हा दाखल होईल का, पाच लाख मागता येतील का, ग्रुपमधल्या बाकीच्यांना सोबत घेता येईल का, असे प्रश्न आहेत. शेवटी लिहिलंय, ‘दिवाळी झाली की कागदपत्रं घेऊन येतो.’

अहो, दिवाळीनंतर येऊ नका. भाऊबीज 23 ऑक्टोबर 2025 ला. त्यानंतर फराळ संपवून, फाइल शोधून तुम्ही माझ्या दारात उभे राहाल तोवर नोव्हेंबर उजाडलेला असेल, आणि माझ्या हिशेबाने तुमची मुदत 10 नोव्हेंबरला संपते. तुमच्या पत्राला घाटाचे अकरा आलेख जोडलेले आहेत. बिल नाही. खरेदीची तारीख मला ऑर्डरच्या एका स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात सापडली.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. आता कारण घडलं कधी? तुम्ही म्हणाल, कंपनीने जुलै 2025 मध्ये नकार दिला तेव्हा. मीही ग्राहक आयोगापुढे तेच म्हणेन, आणि ते अंगाशी आलं तर बदलून दिलेल्या यंत्राची तारीख पुढे करीन. पण समोरचा वकील बिलाची तारीख धरणार, आणि तेवढं जमलं नाही तर जानेवारी 2024 ची तुमचीच पहिली मेल दाखवून म्हणणार, ‘दोष यांना तेव्हाच कळला होता.’ चार तारखांपैकी कुठली ग्राह्य धरली जाईल याची हमी मी देणार नाही. म्हणून सगळ्यांत आधीची धरून चालायचं, की मग हा वादच उरत नाही.

पत्रव्यवहार चालू होता म्हणून मुदत थांबते, हा समज काही केल्या लोकांच्या डोक्यातून जात नाही. थांबत नाही. तुम्ही चाळीस मेल पाठवा, नोटीस पाठवा, मुदत आपली संपत चाललेलीच असते. फ्रिजवाल्याचा मेकॅनिक येऊन बघून जातो, बिल्डरचा ताबा ‘पुढच्या महिन्यात’ असतो, आणि तुमच्या बाबतीत ते अपडेट. घोंगडं भिजत ठेवणाऱ्याचं काही बिघडत नाही, मुदत तुमची जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये जुन्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या मुदतीबद्दलच्या कलम 24-अ वर स्पष्ट सांगितलं आहे की, समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी तक्रार मुदतीत आहे का हे आयोगाने स्वतः तपासायचं. नव्या कलमाची भाषा तीच आहे. उशीर माफ करण्याची सोय आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं. ‘अपडेटची वाट बघत होतो’ हे पुरेसं ठरेल का? एखाद्या आयोगाला पटेल, एखाद्याला नाही. जी परीक्षा टाळता येते ती द्यायची कशाला?

दाखल करणं अवघड नाही. ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवर घरी बसून होतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुम्ही नाशिकला राहता, त्यामुळे नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल करू शकता. ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं वेबसाइटच्या अटींत लिहिलं असलं तरी घाबरू नका. विकणारा, आयात करणारा आणि कंपनीचं भारतातलं कार्यालय, तिघांनाही सामनेवाले करा. प्लॅटफॉर्मला घ्यायचं की नाही ते बिल पाहिल्यावर सांगतो. बिल तुमच्या फर्मच्या नावे, जीएसटी नंबर टाकून घेतलं असेल तर तेही आजच कळवा. मग ‘व्यापारी कारणासाठी खरेदी, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ हा आक्षेप येणारच.

आता दोषाबद्दल. कायद्यात दोषाची व्याख्या रुंद आहे, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा वस्तू कमी पडली तरी तो दोष. तेव्हा खोक्यावर, जाहिरातीत आणि उत्पादनाच्या पानावर उंचीबद्दल नेमकं काय लिहिलंय त्याचे फोटो आधी काढा, ही पानं बदलतात.

पण तुमची सगळी मांडणी ‘एकूण चढ’ या आकड्यावर उभी आहे, आणि ती मला बदलायची आहे. एकूण चढ म्हणजे वाटेतल्या लहानमोठ्या चढांची बेरीज. किती मीटरचा उंचवटा मोजायचा आणि किती सोडून द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. दोन चांगली यंत्रंही त्यामुळे वेगळी बेरीज देऊ शकतात, आणि समोरचा तज्ज्ञ एवढंच सांगून मोकळा होईल. ठरावीक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र अशी कुणाच्या पद्धतीवर अवलंबून नसते.

कंपनीची बाजूही आधीच समजून घ्या. नुसत्या जीपीएसची उंची कच्चीच असते. उपग्रह सगळे डोक्यावर, जमिनीखाली एकही नाही, म्हणून आडव्या जागेपेक्षा उभी उंची जास्त चुकते. शिवाय जीपीएस मोजतं ते पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या एका गणिती लंबगोलापासून, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्याच्या साठेक मीटर खाली आहे. ती दुरुस्ती यंत्राला आतून करावी लागते. महागड्या यंत्रांत म्हणूनच हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. नाशिकच्या उंचीवर दाब एक मिलिबारने घटला की यंत्राला वाटतं आपण नऊएक मीटर वर आलो. आणि आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, साधारण तीन मिलिबारने. सायकल घराच्या ओट्यावर उभी ठेवलीत तरी संध्याकाळपर्यंत यंत्र तुम्हाला पंचवीस मीटर वर नेऊन बसवेल. समोरचे हे सगळं सांगतील आणि ते खरंही आहे. पण त्याने पंचवीस-तीस मीटरचा हिशेब लागतो, 180 चा लागत नाही. तुमचं प्रकरण या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

म्हणून एक काम करा, सायकल घरी ठेवून. रेल्वेच्या पिवळ्या पाट्यांवर स्टेशनची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कसाऱ्याच्या पाटीशी यंत्र धरून एकाच चौकटीत दोन्ही आकडे दिसतील असा फोटो घ्या, गाडीने इगतपुरीला या, पुन्हा तसाच फोटो. सुरुवातीची उंची चुकीची भरली असेल तरी दोन पाट्यांमधला फरक बरोबर यायला हवा, आणि तासाभरात दाब फारसा हलत नाही. ‘ग्राहकाने कॅलिब्रेट केलं नाही’ आणि ‘हवामान बदललं’ हे त्यांचे दोन्ही आवडते बचाव त्यात जातात. वेगवेगळ्या दिवशी चारदा करा. सोबत मित्राचं दुसऱ्या कंपनीचं यंत्र ठेवा आणि मित्राचं प्रतिज्ञापत्र घ्या. फरक निघालाच नाही, तर तेही मला तक्रारीवर सही करण्याआधी सांगा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात, की पावसाळ्यात यंत्राला सिलिकॉनचं कव्हर घातलं होतं. दाबाचा सेन्सर बाहेरची हवा घेतो ती पाठीमागच्या बारीक छिद्रांतून. ती कव्हरने, चिखलाने किंवा पाण्याने बुजली तर आकडे वाटेल तसे नाचतात. म्हणजे कंपनीला आयतं उत्तर तुम्हीच दिलंत! चारपैकी दोन फेऱ्या कव्हरसह करा, दोन कव्हराशिवाय. लपवालपवी नको, उलटतपासणीत ते बाहेर येतंच.

दुसरी चूक जास्त नडेल. वेबसाइटवर ‘उंची दुरुस्त करा’ हे बटण दाबून तुम्ही जुन्या राइड बदलल्यात. आता ते आलेख नकाशातल्या उंचीचे आहेत, यंत्राचे नाहीत, आणि माझ्यासमोरच्या अकरापैकी सात असेच आहेत. मूळ फिट फाइल, म्हणजे यंत्राने स्वतः केलेल्या राइडच्या नोंदी, यंत्रात असतील तर आजच कॉपी करा. यंत्र फॅक्टरी रीसेट करू नका, कस्टमर केअरने सांगितलं तरी. फाइल आणि मेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडू. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत तितका काटेकोर नसतो, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची.

प्रयोगशाळेची तपासणी मागायची का? सोय आहे, खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. कायदा म्हणतो तपासणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल, असेल तर पाच. ते तीन महिने ज्या कागदावर छापलेत त्याच कागदावर राहतात. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्येच सांगितलंय. तरी तारखा पडायच्या त्या पडतातच. म्हणून मी पाटीच्या फोटोंवर भर देतो. आयोगाने स्वतःहून तपासणी सांगितली तर बघू.

फसवणुकीचा गुन्हा डोक्यातून काढा. खरेदी 2023 ची, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 420 लागू होतं, आणि त्यासाठी विकतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं, खराब सेन्सरने ते होत नाही. पोलीस ठाण्यात फक्त आठवडा घालवाल. पाच लाखही मागू नका. 42,500 व्याजासह, मनस्तापाची माफक रक्कम आणि खर्च, एवढंच. हुकलेल्या चॅलेंजचा उल्लेख एका वाक्यात येऊ द्या. ग्रुपमधल्या बाकीच्यांना सोबत घ्यायचं तर आयोगाची परवानगी लागते, त्यात तुमची मुदत अडकेल. त्यांना आपापली बिलं काढून तारखा बघायला सांगा.

गुरुवारी संध्याकाळी सहानंतर या. बिल, पहिली मेल, मार्चच्या बदलीची पावती, जुलैचं नकारपत्र आणि यंत्र, कव्हरासकट. आलेख आणू नका.