अर्धा एकर विकण्याआधी

भावा, तुझा मेसेज दोनदा वाचला. राहुरी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एम.एस्सी. झालंय, हुमणीवर (उसाची मुळं खाणाऱ्या अळीवर) मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीचा प्रबंध केलायस, आता जर्मनीत पीक संरक्षणात पुन्हा एकदा मास्टर्स करायचं म्हणतोस. एजंटानं गोटिंगेन विद्यापीठ सुचवलंय आणि पैशांसाठी वडील शिरोळचा अर्धा एकर काढायला निघालेत. विचारलंयस, "जाऊ का?" जा की. पण अर्धा एकर राहू दे.

आधी पैशाचं बोलतो, कारण एजंट तेच गोल करून सांगतात. गोटिंगेनचा पीक संरक्षणाचा इंग्रजी अभ्यासक्रम चांगला आहे, मी तोच केला. तिथं फी जवळजवळ नाही, दर सत्राला काहीशे युरो भरावे लागतात. होहेनहाइम विद्यापीठात गेलास तर त्या राज्यात आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. मोठा आकडा व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटचा असतो. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, आधीच भरून दाखवायचे. ही फी नव्हे, पैसे तुझेच असतात. तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो असे तुलाच परत मिळतात. आमच्या घरी हे कुणाला माहीतच नव्हतं. आबांना वाटलेलं, बारा लाख गेले ते गेले. एजंटानंही त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण भीती जितकी मोठी तितका त्याचा दर वर.

पण तुझं एम.एस्सी. झालेलं आहे. मग दुसरं मास्टर्स कशाला? थेट पीएच.डी.ची जागा शोध. जर्मनीत ती बहुतेक वेळा नोकरी म्हणूनच निघते. करार असतो, पगार असतो, आणि करार हातात असला की ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही. शेतीशास्त्रात बऱ्याच जागा सरकारी वेतनाच्या ई १३ श्रेणीच्या ६५ टक्के असतात. म्हणजे पगार ६५ टक्के आणि काम शंभर टक्के, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतोय. तरी हातात दोन हजार युरोच्या आसपास पडतात आणि एकट्या माणसाचं त्यात भागतं. जाहिराती विद्यापीठांच्या पानांवर आणि युराक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर बघत जा. मी वीसेक प्राध्यापकांना लिहिलं होतं, चौघांची उत्तरं आली, त्यातली तीन नकाराची.

शिकायलाच जायचं ठरलं तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएसचं (पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालंय, ते आधी काढ. त्याला आठवडे जातात.

आता कामाचं. तू लिहिलंयस, "तिकडचं तंत्रज्ञान शिकून हुमणीवर उपाय शोधायचाय." वाचून जरा हसू आलं, कारण मीही नेमकं हेच लिहिलं होतं. मी सध्या जर्मनीत हाइलब्रोनच्या बाजूला शर्कराकंदाच्या (शुगर बीटच्या) रोगावर काम करतो. साखर हीच, फक्त जमिनीखाली. १७४७ मध्ये बर्लिनमध्ये मारग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं या कंदात उसासारखीच साखर असल्याचं दाखवलं. आज इथला शेतकरीही आपल्यासारखाच साखरेच्या उताऱ्यावरून रडतो. कारण एक तुडतुडा. त्याच्यामार्फत एक जिवाणू आणि एक फायटोप्लाझ्मा (पेशीभित्ती नसलेला, जिवाणूसारखाच सूक्ष्मजीव) कंदात शिरतात. पानं पिवळी पडतात, नवी पानं भाल्यासारखी अरुंद येतात, कंद कापला तर आत तपकिरी कडी दिसतात आणि साखर काही टक्क्यांनी घसरते. फायटोप्लाझ्मा जोरात असला तर कंद रबरासारखा वाकतो आणि ढिगात सडतो. आपल्याकडं उसात गवताळ वाढ होते, तीही फायटोप्लाझ्मामुळंच. फरक एवढाच की आपल्याकडं तो मुख्यतः बेण्यातून पसरतो, म्हणून निरोगी बेणं आणि उष्ण हवेची प्रक्रिया चालते. इथं तो उडत येतो.

आणि उडत येणाऱ्याला अडवायला फारसं औषध उरलेलं नाही. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशकही २०२० मध्ये गेलं. ग्लायफोसेट या तणनाशकाला २०३३ पर्यंत मुदत मिळालीय, तीही भांडणतंटा होऊन. त्यामुळं इथल्या संशोधनाचा सगळा रोख एका प्रश्नावर आहे, फवारायला नसेल तर काय करायचं? या तुडतुड्याची पिल्लं हिवाळाभर जमिनीत गव्हाच्या मुळांवर जगतात. मग कंदानंतर गहू न घेता रान रिकामं ठेवून वसंतात मका घेतला तर पिल्लं उपाशी मरतात का, हे आम्ही मोजतो. तणांसाठी कॅमेऱ्यानं ओळी ओळखून चालणारी कोळपी आली आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आज्ज्याचं लाकडी कोळपं आठवलं. काम तेच, फक्त बैलांच्या जागी संगणक.

पण मोजायचं कसं, ते ऐक. नोव्हेंबरात, तीन अंश तापमानात, गव्हाच्या रानात गुडघ्यावर बसून मातीचे गोळे फोडायचे आणि पिल्लं मोजायची. शंभर गोळ्यांत नव्वदांमध्ये शून्य येतं. तो शून्यही वहीत लिहायचा. उन्हाळ्यात चिकट सापळ्यांवरचे तुडतुडे भिंगाखाली एकेक ओळखायचे. दोन वर्षं मी हेच केलं. उपाय वगैरे शब्द प्रबंधात शेवटच्या पानावर आले, तेही "शक्यता दिसते" या बेतानं. आपल्याकडं कॉलेजात कीड सांगितली की लगेच 'दहा लिटर पाण्यात किती मिली' हे पाठ असायचं. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी तसंच शेवटी शिफारस लिहून टाकली. मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "न फवारलेल्या प्लॉटचे आकडे कुठायत?" ते होते, पण मला महत्त्वाचे वाटले नव्हते. त्या दिवशी कानशिलं तापली होती.

मोजण्यात तुला गोडी असेल तर ये. नसेल तर एखाद्या औषध कंपनीत चांगली नोकरी बघ, त्यात कमीपणा नाही. मला गोडी लागली ती लोकरी माव्यामुळं. २००२ च्या सुमारास आपल्याकडं उसाची पानं खालून पांढरी झाली, आठवणीतही नसेल तुझ्या. उभ्या उसात फवारणी होत नव्हती. मग कुठल्या तरी रानात डिफा या पतंगाच्या, मावा खाणाऱ्या अळ्या सापडल्या, आणि लोक त्या पानांसकट पोत्यात भरून या शिवारातून त्या शिवारात न्यायला लागले. मी शाळेत होतो. आबांबरोबर सायकलवर पोतं धरून बसलेलो. कीड खाणारी कीड सायकलवरून जातेय, याचंच नवल वाटत होतं.

भाषेचं विचारलंयस. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभतं, बांधावर नाही. हाइलब्रोनकडचे शेतकरी जे बोलतात ते उत्तरेकडच्या जर्मनालाही धड कळत नाही. पुण्याच्या पाहुण्यापुढं कागलच्या म्हाताऱ्यानं सुरू व्हावं तसं. शिवाय स्वतः फवारणी करायची तर इथं परवान्याची परीक्षा असते, म्हणून निदान बी १ (मध्यम) पातळीपर्यंत जर्मन तिकडूनच शिकून ये.

आणखी एक. बॅगेत कढीपत्ता नको. आईनं माझ्या बॅगेत रुमालात गुंडाळून ठेवलेला आणि तो कस्टमवाल्यानं काढला. फॉर्मवर माझा विषय 'पीक संरक्षण' लिहिलेला होता. कढीपत्त्यावर लिंबूवर्गीय पिकांचा सायला (रस शोषणारा किडा) जगतो, तोच ग्रीनिंग रोग पसरवतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. प्रमाणपत्राशिवाय अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन एवढीच फळं चालतात. तूपही घरीच ठेवावं लागेल.

पुढं गावाकडं परतायचं असेल तर इथल्या विषयाची निवड आत्ताच जपून कर. कंदाच्या तुडतुड्याचा कोल्हापुरात थेट उपयोग नाही, हे मी मान्य करतो. तुझ्याकडं हुमणी आहे. जमिनीतल्या किडीवर बुरशी कशी टिकते, हा प्रश्न दोन्हीकडचा आहे, आणि मेटारायझियमवर काम करणारे गट युरोपात आहेत. त्यांना लिहिताना देशाचं प्रेम वगैरे लिहू नकोस. नदीकाठच्या मळीच्या रानात बुरशी किती दिवस जिवंत सापडली, ते लिही.

ते आकडे तुझ्या प्रबंधात असतील. त्यांचा 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एक आलेख काढ, बुरशी न वापरलेल्या प्लॉटची रेघ त्यात हवी, आणि रविवारपर्यंत मला पाठव. मग कुणाला लिहायचं ते बसून ठरवू.