लाइन बंद करूनच पोलवर चढतात ना, मग लाइनमन मरतात कसे? भावाला या कामाला पाठवावं का?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. भाऊ तारतंत्री ट्रेडचा आयटीआय झालाय, महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या भरतीची (लाइनमनच्या नोकरीची पहिली पायरी) वाट बघतोय आणि तोवर गावातल्या वायरमनच्या हाताखाली पोलवर चढतोय, असं तुम्ही लिहिलंय. आई नको म्हणते, वडील म्हणतात शिकू दे. माझं म्हणणं असं, की भरतीला खुशाल जाऊ द्या आणि हाताखालचं काम आजच्या आज बंद करा. वरवर दोन्ही कामं सारखीच, पोलही तोच आणि तारही तीच. पण या दोन माणसांना काही झालं तर पुढे जे घडतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो कसा, ते शेवटाकडे सांगतो.

मी 33/11 केव्ही उपकेंद्रात, जिथे तेहतीस हजार व्होल्टची वीज अकरा हजारांवर आणून गावांकडे सोडतात तिथे, यंत्रचालक होतो, म्हणजे लोक ज्याला ऑपरेटर म्हणतात तो. आता निवृत्त आहे. पोलवर चढणारा मी नव्हे. तो चढायच्या आधी लाइन बंद करणारा आणि तो उतरल्यावर चालू करणारा मी. त्यामुळे अपघात पोलवर दिसत असला तरी त्याची सुरुवात बहुतेक वेळा खाली कुठेतरी झालेली असते, हे मी जवळून बघितलंय.

आधी रीत कशी आहे ते बघा. अकरा हजाराच्या लाइनवर काम करायचं तर लाइनमन उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी घेतो. ऑपरेटर त्या फिडरचा (उपकेंद्रातून निघालेल्या त्या लाइनचा) ब्रेकर, म्हणजे मुख्य स्विच, ट्रिप करून सप्लाय तोडतो, मग लाइन वेगळी करणारा दुसरा स्विच, म्हणजे आयसोलेटर, उघडतो, ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी लटकवतो आणि रजिस्टरला नाव, वेळ, कामाची जागा लिहून परमिट देतो. लाइनमन जागेवर जाऊन तिथला एबी स्विच, म्हणजे पोलवरचा लाइन तोडणारा स्विच, उघडतो. मग टेस्टरने तार मेली आहे ना, म्हणजे तिच्यात वीज नाही ना, ते बघतो आणि डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा, लावतो. रॉडचा क्लॅम्प आधी जमिनीतल्या अर्थिंगला, नंतर हूक तारेला. काढताना बरोबर उलटं. काम जिथे चाललंय त्याच्या दोन्ही बाजूंना रॉड हवेत. मग कोणी चुकून सप्लाय सोडला तरी तो रॉडमधून जमिनीत जातो, ब्रेकर पुन्हा ट्रिप होतो आणि वरचा माणूस वाचतो. काम संपलं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत करायचं. दुसऱ्या कोणी “झालं म्हणे” असं सांगितलेलं चालत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. जूनचा पहिला वळीव पडला, सगळे फिडर एकदम गेले, आणि उपकेंद्राचा फोन खाली ठेवायची सोय नाही. सरपंच, दूध डेअरी, लग्नाचा हॉल, पाणीपुरवठ्याचा माणूस, सगळ्यांना एकच विचारायचंय, लाईट कधी येणार. लाइनमन एकटा, अंगावर चार गावं. उपकेंद्र तेरा-चौदा किलोमीटर लांब. मग तो मोबाईलवरच परमिट मागतो. “साहेब, गावठाण बंद करा, झंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) गेलाय, पाच मिनिटांचं काम आहे.” ऑपरेटर बंद करतो. एकाच वेळी तिघांनी तीन ठिकाणांहून असे फोन केले, की कोण कुठल्या फिडरवर आहे हे फक्त ऑपरेटरच्या डोक्यात उरतं. त्यातच त्याची ड्युटी संपते. पुढच्याला तो तोंडी सांगून जातो, पुढचा माणूस दोन नावं ऐकतो आणि तिसरं राहून जातं. एकाच पोलवरून गावठाणचा आणि शेतीचा असे दोन फिडर गेलेले असतील, तर बंद एक आणि हात दुसऱ्याला, असंही होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. लाइन बंद होती या समजुतीवर माणूस चढतो. ती बंद आहे याची खात्री त्याने केलेली नसते.

एबी स्विचबद्दल मुद्दाम लिहितो, कारण बाहेरच्याला हे कधी कळत नाही. खालचं हँडल ओढलं की वर तिन्ही फेजची पाती एकदम उघडायला हवीत. पण वर्षानुवर्षं तेलपाणी नसलेल्या स्विचचं एखादं पातं अडकून बसतं. हँडल खाली आलेलं असतं, दोन पाती उघडलेली असतात आणि तिसरं जिथल्या तिथे. दिवसा मान वर करून बघितलं तर दिसतं. रात्री, पावसात, तोंडात बॅटरी धरून हँडल ओढणाऱ्याला कसं दिसणार? म्हणून जुने लाइनमन हँडल ओढल्यावर चार पावलं मागे जाऊन बॅटरीच्या उजेडात तिन्ही पाती तोंडाने मोजायचे. एक, दोन, तीन. नवी पोरं त्यांना हसायची.

दुसरी गोष्ट उलट्या सप्लायची. लाईट गेली की दुकानात, हॉलमध्ये, दवाखान्यात जनरेटर सुरू होतो. जनरेटर चालू असताना बाहेरची लाइन तोडून ठेवणारा चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसेल तर त्या जनरेटरची वीज घराबाहेर पडून लाइनवर येते आणि डीपीच्या, म्हणजे गावातल्या पोलवरच्या, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते. घरातले 230 व्होल्ट त्याच ट्रान्सफॉर्मरने वरच्या बाजूला अकरा हजारांच्या घरात नेऊन ठेवलेले असतात. उपकेंद्रातला ब्रेकर बंद, आयसोलेटर उघडा, परमिट लेखी, सगळं नियमाने, आणि तरीही तार जिवंत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतल्या लाइनमनच्या गँगा कोकणात कामाला गेल्या होत्या. अशा वेळी ही धास्ती सगळ्यात मोठी. भाग नवखा, कुठला फिडर कुठून येतो माहीत नाही, आणि किती घरांत जनरेटर चालू आहेत ते कोणीच सांगू शकत नाही. तिथे डिस्चार्ज रॉडशिवाय दुसरा देव नाही.

आणि नेमका तो रॉडच बरोबर नसतो. लांबलचक वस्तू, मोटारसायकलवर न्यायची म्हणजे एका हाताने धरायची, म्हणून पाच मिनिटांच्या कामाला तो ऑफिसातच राहतो. हँडग्लोव्हजचंही तेच. रबरी ग्लोव्ह वापरायच्या आधी तपासायचा असतो. मनगटाच्या बाजूने गुंडाळत नेला की आत कोंडलेली हवा बोटांत जाते आणि ग्लोव्ह फुगतो. तो गालाजवळ धरून दाबायचा. सुईएवढं भोक असलं तरी हवेची झुळूक गालाला लागते, आणि तो ग्लोव्ह तिथेच बाद. आता डिकीत पक्कड-पान्यांबरोबर कोंबलेल्या ग्लोव्हची काय अवस्था असेल, तुम्हीच सांगा. शिवाय उन्हाळ्यात आत घामाचं पाणी होतं, नट हातात धरवत नाही, मग माणूस काढतो आणि खिशात घालतो. त्याला नुसतं बेफिकीर म्हणून सोडून देणं मला पटत नाही. काम उरकायची घाई त्याने स्वतःवर लादून घेतलेली नसते.

एक गैरसमज तुमच्या भावाच्या डोक्यातून आत्ताच काढा. एचटीलाच (अकरा हजाराच्या लाइनलाच) घाबरायचं, एलटीने (घरात येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनने) काय होतंय, असं वायरमन लोक बोलतात. माणूस मरतो तो अंगातून जाणाऱ्या करंटने. घरातला जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब ज्यावर लागतो, त्याहूनही कमी करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. शंभर मिलिॲम्पिअर त्याला पुष्कळ झाले. त्याच्याही निम्म्याहून कमी करंटला स्नायू आखडतात आणि हातातली तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. अकरा हजाराचा झटका बसून वाचलेलेही मी पाहिलेत. पण वाचले म्हणजे काय, तर कोणाचा हात कोपरापासून गेलेला, कोणाचे दोन्ही. त्यांच्याबद्दल बातमी येत नाही.

झटका बसलेल्याचं हृदय बंद पडलं असेल तर पहिली काही मिनिटंच हातात असतात. आधी सप्लाय बंद. तो बंद होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. मग जमिनीवर उताणा झोपवून छाती जोरात आणि भरभर दाबत राहायचं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत. गावात अजून माणसाला मातीत पुरतात, तळपाय चोळतात. त्यात ती मिनिटं जातात. हे भावाला शिकवा, तुम्हीही शिका.

आता झिरो वायरमन. हा शब्द तुम्ही ऐकला असेलच, तुमचा भाऊ सध्या तोच आहे. कागदावर एक लाइनमन, प्रत्यक्षात पोलवर चढणारा दुसराच. गावातलंच हुशार पोर, उंचीची भीती नाही, डीपीवरचा फ्यूज टाकता येतो. लोक शंभर-दोनशे रुपये देतात, चहा पाजतात, नावाने हाक मारतात. आमच्या भागातला असाच एक पोरगा होता, पंचविशीच्या आतला. नोकरीतला वायरमन खाली उभा राहून फोनवर बोलायचा आणि हा वर. पकडीच्या दोन्ही मुठींना त्याने सायकलची ट्यूब कापून चढवली होती, वर काळी टेप गुंडाळलेली. तेवढंच त्याचं सुरक्षा साहित्य. शेतीचा सप्लाय रात्रीचा होता. एका डीपीवर डीओ, म्हणजे अकरा हजाराच्या बाजूचा फ्यूज, टाकायला चढला, आणि एबी स्विचचं मधलं पातं उघडलंच नव्हतं.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, “सदर इसम कोणालाही न कळविता रोहित्रावर चढला.” त्याला बोलावून नेणारा होता, खाली उभं राहणारा होता, परमिटचा फोन झाला होता. कागदावर मात्र तो एकटाच, आगाऊ गावकरी. बाप ऑफिसात हेलपाटे घालत राहिला. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, तो आमचा माणूस नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, अलीकडच्या आकड्यांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसं जातात. लाइनमन, शेतकरी, पतंग काढायला गेलेली पोरं, सगळे एकाच रकान्यात. तो पोरगाही त्यातच कुठेतरी असेल. 4 मार्चला लाइनमन दिवस असतो. हार-तुरे होतात, सुरक्षेची शपथ घेतली जाते. चांगली गोष्ट आहे. पण त्या मांडवात झिरो वायरमनला खुर्ची नसते.

हाच माणूस रीतसर नोकरीत असता तर काय झालं असतं? वीज कायदा 2003 च्या कलम 161 नुसार अपघात विद्युत निरीक्षकाला कळवावा लागतो. त्याचा चौकशी अहवाल होतो आणि त्या अहवालात कारण लिहिलेलं असतं. भरपाईची रीत 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात ठरवून दिलेली होती. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे येणारा आकडा. 2020 पासून हिशोबाला वेतन जास्तीत जास्त 15,000 धरत आले आहेत. पंचविशीतल्या माणसाचा गुणक 216.91, म्हणजे सोळा लाखांच्या थोडं वर. आता ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे, पण भरपाई मोजायची पद्धत तीच. कंत्राटदाराकडचा कामगार असेल आणि कंत्राटदाराने हात झटकले, तर ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापत असतील तर कुटुंबाला पेन्शन तिकडून मिळते. सोळा लाखांनी माणूस परत येत नाही, मला माहीत आहे. पण त्या बापाला मी टेबलाटेबलावर उभं राहिलेलं पाहिलंय, म्हणून हा हिशोब इतका सविस्तर लिहिला.

भरतीबद्दल थोडक्यात सांगतो. विद्युत सहाय्यकाला पहिली तीन वर्षं मानधन मिळतं, मागच्या मोठ्या जाहिरातीत ते महिना 15,000, 16,000 आणि 17,000 असं होतं. पुढे तंत्रज्ञ म्हणून कायम करतात. ती तीन वर्षं जरा जपून काढायची. कारण नवीन पोराला नाही म्हणता येत नाही, हे जुन्यांना पक्कं ठाऊक असतं. “चढ रे, बंद आहे” असं कोणी म्हणालं तर त्याने एकच विचारायचं, परमिट कोणाच्या नावावर आहे? आणि रॉड लावल्याशिवाय हात वर न्यायचा नाही. लोक चार दिवस भित्रा म्हणतील, मग म्हणायचे थांबतील.

मधल्या काळात कंत्राटदाराकडे जायचंच असेल तर त्याला जाऊ द्या, पण नियुक्तीचं पत्र, ईएसआयसीचा नंबर आणि हजेरीपटावर नाव, ही तिन्ही हातात आल्यावर. त्यांच्या झेरॉक्स घरी ठेवा, त्याच्या बॅगेत नको. कंत्राटदार म्हणाला, “कागद होतील नंतर, तू उद्यापासून ये,” तर दुसरा कंत्राटदार बघा. आणि वडिलांना शिकण्याचीच काळजी असेल तर मोटार रिवाइंडिंग किंवा घरांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाकडे तोवर पाठवा. हाताला सवय तिथेही लागते.