विचारलंय एका कार्डाबद्दल, पत्रात कार्डं दोन आहेत

"नमस्कार सर, माझ्याकडे जुना ब्रँडेड ऑफिसवाला डेस्कटॉप आहे, आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आत जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड. गेमिंगचे व्हिडिओ टाकायचे आहेत. विक्रेत्याने आरएक्स ६५०० एक्सटी सांगितलंय, एक्स्टेंडेड वॉरंटीसकट सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर बसतंय. मित्र म्हणतो थोडे जास्त घाल आणि आरएक्स ६६०० घे. हप्ता तर चॅनलच्या कमाईतून निघून जाईल. क्रेडिट कार्डाचं थोडं बाकी आहे पण मिनिमम ड्यू दर महिन्याला न चुकता भरतो, स्कोअर चांगला आहे. एफडी आहे पण ती अडीअडचणीला ठेवलीये, मोडायची नाही. तर कुठलं कार्ड घेऊ?"

कार्डाचं सांगतो, पण शेवटी. आधी ते "थोडं बाकी" बघू, कारण तुम्ही ते वाक्य मधेच टाकून पुढे सटकलात आणि माझी नजर तिथेच अडकली.

मी मागितल्यावर तुम्ही आकडे पाठवलेत, ते इथे उघडे करत नाही. तुमचा हातात येणारा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मोजतो. क्रेडिट कार्डाची बाकी १२०. म्हणजे सव्वा महिन्याच्या पगाराच्या आसपास, याला थोडं म्हणत नाहीत. व्याज महिन्याला ३ टक्के. आणि तुम्हीच लिहिलंय की गेली दोन वर्षं आकडा साधारण एवढ्यावरच घुटमळतोय. १२० वर ३ टक्के म्हणजे महिन्याला ३.६, वर्षाला ४३, दोन वर्षांचे ८६. जे ग्राफिक्स कार्ड तुम्ही घेऊ बघताय त्याची रोखीची किंमत ३३ आहे. म्हणजे अशी अडीच कार्डं तुम्ही ऑलरेडी विकत घेतलीत, फक्त घरी एकही आलं नाही.

मिनिमम ड्यू हे नाव ज्याने कुणी ठेवलं तो माणूस हुशार. लोकांना वाटतं किमान जबाबदारी पार पाडली, आता आपण मोकळे. तुमचं मिनिमम ५ टक्के म्हणजे ६, त्यातले ३.६ व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं २.४ ने. तुम्ही कार्डाला हातही लावला नाहीत आणि असंच फक्त मिनिमम भरत राहिलात तरी १२० चे ६० व्हायला जवळजवळ तीन वर्षं जातील, आणि ते ६० फेडताना वर ९० व्याज भरलेलं असेल. पण तुम्ही हात लावताय ना, किराणा, पेट्रोल सगळं त्याच कार्डावर, का तर पॉइंट मिळतात. साधारणपणे मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतो. तेव्हा तुमचा किराणाही व्याजावर चाललाय. पॉइंटमधून हेडफोन मिळाले असं कौतुकाने लिहिलंयत, छानच, जगातले सगळ्यात महाग हेडफोन असतील ते.

स्कोअर चांगला आहे कारण तुम्ही वेळेवर भरता. स्कोअर सांगतो की तुम्ही पैसे बुडवत नाही, तुमचे पैसे कुठे बुडतायत ते तो सांगत नाही.

आता एफडी. ती ९० ची आहे, व्याज साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला पावणेसहाच्या जवळपास, त्यावर कर वेगळा. आणि तेवढ्याच ९० वर तुम्ही क्रेडिट कार्डाला वर्षाला ३२ देताय. एका खिशात सहा टाकायचे आणि दुसऱ्या खिशातून बत्तीस काढून द्यायचे. वर्षाला २६ चा खड्डा, पावणेदोन वर्षांत एक आरएक्स ६६००, कारण मित्राने सांगितलेलं ते कार्ड तुमच्या यादीत ४५ ला आहे. मुदतीआधी मोडली तर दंड म्हणून एक टक्का व्याज कमी मिळेल हे तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंत. अहो, तो दंड वर्षाचा ०.९ होतो. आठवड्याभराचं क्रेडिट कार्डाचं व्याज.

"पण मग अडचण आली तर?" हा प्रश्न येणार हे माहितीये, प्रत्येक जण विचारतो आणि प्रश्न चुकीचाही नाही. एफडी मोडून ९० क्रेडिट कार्डात भरलेत की त्या कार्डाची ९० ची मर्यादा मोकळी होते. उद्या खरंच दवाखान्याची वेळ आली तर ती वापरा, तेव्हा व्याज भराल. आज तुम्ही अडचण नसताना भरताय, अडचणीची प्रॅक्टिस म्हणून.

एफडी काढताना बँकेत सोबत एक पॉलिसीही दिली असं शेवटच्या ओळीत आहे. "दिली" हा शब्द आवडला, भेट दिल्यासारखा. वर्षाला ४० चा हप्ता आणि विमा संरक्षण ४००. तुमच्यावर आई अवलंबून, आणि तुमच्यामागे तिला मिळणार चार महिन्यांचा पगार. हा विमा नाही आणि गुंतवणूक म्हणावी तर परतावा एफडीच्या पुढे जाईल असं मला तरी वाटत नाही. पण रागाच्या भरात लगेच बंद करू नका, तीन हप्ते भरून झालेत, आता बंद केली तर किती हातात येतात आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली, तर मुदत संपल्यावर किती मिळतात, हे दोन आकडे लेखी मागवा. तोंडी सांगतील ते ऐकूनच ही पॉलिसी घरात आलीये. आणि हप्ता थांबवायच्या आधी साधा टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ विमा, हातात हवा, नंतर नाही.

चॅनलची कमाई. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४००० तासांचा वॉच टाइम, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा व्हिडिओ माणसाने सरासरी ४ मिनिटं बघितला, नवीन चॅनलला हे फारच उदार गृहीतक आहे, तरी ६० हजार व्ह्यू लागतात आणि ते फक्त दार उघडायला, पैसे त्यानंतर. तुमचे ईएमआय आहेत सहा. सहाव्या महिन्यात चॅनल एक रुपया देईल हे धरूनच चालू नका. छंद म्हणून करा, जरूर करा, पण मग तो पगारातून होणारा खर्च आहे असं स्वतःला सांगून करा.

नो कॉस्ट ईएमआय पण बघूनच टाकू. हप्ते सहाचे सहा, एकूण ३६. रोख घेतलं तर तेच ३३. म्हणजे सवलत काढून घेतली आणि व्याजाला दुसरं नाव दिलं. ३३ चं कर्ज सहा महिन्यांत ३६ ने फेडायचं म्हणजे महिन्याला अडीच टक्के, वर्षाचे ३० टक्के, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि वॉरंटी! तुम्ही त्या कागदाचा फोटो पाठवलात म्हणून बरं झालं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "तीन वर्षे, खरेदीच्या दिनांकापासून". कार्डाच्या खोक्यावर कंपनीची वॉरंटी पण तीन वर्षांचीच आहे. म्हणजे ज्या तीन वर्षांत कंपनी फुकटात बघणार त्याच तीन वर्षांसाठी तुम्ही वर ६ मोजणार. म्हणजे हप्ता झाला महिन्याला ७.

तर हे ७ तुम्ही देऊ शकता असं तुम्हीच म्हणताय आणि मिनिममचे ६ देताच आहात. मिळून १३. एफडी मोडून १२० चे ३० करा, किराणा-पेट्रोल कार्डावरून बंद, डेबिटवर आणा, आणि महिन्याला १३ मारा. तिसऱ्या महिन्यात बाकी संपते, वर ७ उरतात. चौथ्या महिन्यापासून १३ मधले ८ नव्या अडीअडचणीच्या खात्यात आणि ५ ग्राफिक्स कार्डाच्या डब्यात. नवव्या महिन्यात डब्यात ३० आणि आधीचे ७, म्हणजे ३७ रोख, कुणाला हप्ता नाही, कुणाची सही नाही.

नऊ महिने खूप वाटतायत ना, म्हणून आता कार्डाचं.

आरएक्स ६५०० एक्सटी तुमच्या मशीनला आणि तुमच्या कामाला दोन्हीला चुकीचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं कार्ड, मेमरी ४ जीबी, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याच्या, फक्त चार लेन वापरतं. नवीन बोर्डावर जेन ४ (त्या रस्त्याची चौथी पिढी) चा वेग मिळतो म्हणून ते कसंबसं निभावतं, तुमचं सहाव्या पिढीचं मशीन जेन ३ वालं, तिथे तोच रस्ता निम्मा होतो. ४ जीबी भरली की डेटा त्या अरुंद रस्त्याने साध्या रॅममध्ये ये-जा करायला लागतो आणि गेम धक्के खातो. हे एकवेळ सहन कराल. पण या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही! हार्डवेअरमध्ये रेकॉर्डिंगची सोयच दिलेली नाही, म्हणजे गेम चालू असताना रेकॉर्डिंगचं ओझं तुमच्या चार कोअरच्या प्रोसेसरवर पडणार, जो आधीच धापा टाकतोय. व्हिडिओ करायचेत असं सांगितल्यावर हे कार्ड सुचवणाऱ्याला एकतर माहीत नाही किंवा तो माल पडून आहे.

पॉवरचं वेगळंच. कार्ड १०७ वॅटचं, सहा पिनची वायर मागतं, तुमचा पॉवर सप्लाय २४० वॅटचा आणि त्यात ती वायरच नाही. विक्रेत्याने साटामधून (हार्ड डिस्कला पॉवर देणारी वायर) सहा पिन करायचं अडॅप्टर "फ्री" दिलंय म्हणे. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतचा, सहा पिनवर कार्ड ७५ पर्यंत मागू शकतं. माझ्या स्वतःच्या जुन्या पीसीत असंच एक अडॅप्टर लावलं होतं, दोन महिन्यांनी पिवळं प्लास्टिक तपकिरी झालं आणि वास यायला लागला, नशीब मी समोरच बसलो होतो.

मित्राचं आरएक्स ६६०० कार्ड म्हणून खरंच चांगलं, ८ जीबी, एन्कोडर आहे. पण १३२ वॅट, आठ पिन, एएमडी स्वतः ४५० वॅटचा सप्लाय सांगते. ब्रँडेड ऑफिस टॉवरमध्ये बऱ्याचदा सप्लायचा आकार आणि बोर्डाकडे जाणारा प्लग कंपनीचा खास असतो, बाजारातला साधा बसत नाही. मग सप्लाय, मग अडॅप्टर केबल, मग कॅबिनेट. ४५ चं कार्ड ६५ ला पडतं आणि पुढे बसलेला २०१५ चा आय५ त्याला पूर्ण धावू देत नाही.

तुम्हाला स्लॉटमधूनच पॉवर घेणारं कार्ड हवं, स्लॉट ७५ वॅट देतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी वालं मॉडेल ७० वॅटचं आहे, वेगळी वायर लागत नाही (८ जीबी वालं १३० वॅटचं, नाव तेच, फसू नका), आठ लेन आणि चांगला एन्कोडर. ते जास्त वाटलं तर जुनं जीटीएक्स १६५०, ४ जीबी, बिनवायरीचं बघून घ्या. १०५० टीआय स्वस्त मिळेल पण त्या पिढीला एनव्हिडियाने नवीन गेम ड्रायव्हर द्यायचं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलंय. वापरलेलं घेताना विकणाऱ्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा, बनावट बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलेली कार्डं त्यात बऱ्याचदा उघडी पडतात, आणि वीस मिनिटं गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. आरएक्स ५८० च्या नावाखाली "२०४८एसपी" लिहिलेलं दिसलं तर ते आतून ५७० आहे. घ्यायच्या आधी कॅबिनेटची रुंदी मोजा, बारीक टॉवर असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसेल. मॉनिटरला निळी व्हीजीए वायर आहे असं फोटोत दिसतंय, ३०५० वर ते तोंड नाही, कन्व्हर्टर धरा.

आणि या मशीनमध्ये जास्त ओतू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, तुमची सहावी. म्हणून पैसे अशाच वस्तूत घाला जी उद्या काढून नव्या मशीनला लावता येईल. साटा एसएसडी येईल सोबत, बिनवायरीचं कार्ड येईल, या टॉवरसाठी घेतलेला खास सप्लाय येणार नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी आणि ८ जीबीची अजून एक पट्टी, दोन्ही मिळून तुमच्या यादीत ८ ला आहेत, ते चौथ्या महिन्यात उरलेल्या ७ मधून घ्या, एक मी चालवून घेतो, मग नवव्या महिन्यात डब्यात ३७ ऐवजी ३० धरा. रॅम एका ऐवजी दोन पट्ट्यांवर आली की या प्रोसेसरला पण थोडा श्वास मिळतो.

नऊ महिने हातावर हात ठेवून बसायची गरज नाहीये. तुमच्या आय५ मध्ये इंटेलचं एचडी ५३० ग्राफिक्स आहे आणि त्यात क्विक सिंक नावाचा एन्कोडर आहे, म्हणजे विक्रेत्याच्या नव्याकोऱ्या कार्डात जे नाही ते तुमच्या जुन्या डब्यात आधीपासून आहे. मशीनच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू करता येतंय का बघा, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर म्हणून क्विक सिंक निवडा, जुने हलके गेम घ्या आणि आठवड्याला एक व्हिडिओ टाका. बारा व्हिडिओ झाले की मला कळवा, किती टाकले ते आधी, किती जणांनी बघितले ते नंतर.

अडॅप्टर विक्रेत्याला परत करा. ईएमआयच्या फॉर्मवर सही झाली नसेल अशी आशा करतो, झाली असेल तर आजच फोन करा. पॉलिसीचे दोन आकडे आले की पाठवा.