डॅलसला येतेयस आणि ९-१० रेटिंगची शाळा विचारतेयस म्हणून

अगं, तू विचारलंयस की इंदूरहून जूनमध्ये डॅलसला शिफ्ट होतोय, मुलगी आता दुसरीत जाईल, मुलगा केजीत, तर वेबसाईटवर दहापैकी ९ किंवा १० रेटिंग असलेली शाळा कुठल्या एरियात आहे, घर लगेच घ्यावं का, आणि तिकडे एकटं वाटतं का. मी एका ओळीत एरियाचं नाव टाकून मोकळी होणार होते, पण दोन दिवस तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण २०१६ ला लोकमान्य नगरातून निघताना मीही अगदी हाच प्रश्न विचारला होता, आकड्यासकट, आणि माझी मुलगीही तेव्हा दुसरीतच होती.

व्हिसा, बँक, लायसन्स यावर काही लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. तूर डाळ मिळते, पोहे मिळतात, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) घरून आण.

एकटेपणाचं म्हणशील तर येतो आणि जातो. पहिल्या हिवाळ्यात जास्त येतो. पुढे.

कागदांचं मात्र सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही. टीसीवर सही आणि वरून ठप्पा हवा म्हणून इंदूरच्या एका ऑफिसात मी चार चकरा मारल्या, भर मे महिन्यात, आणि इथे त्या टीसीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. इथे पब्लिक स्कूलमध्ये व्हिसाही विचारत नाहीत, १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, टेक्ससच्याच केसमधला, की मूल कुठल्या कागदावर आलंय यावरून त्याला शाळा नाकारता येत नाही. मुलाच्या ओळखीच्या कागदाशिवाय पाहतात ते मुख्यतः दोन गोष्टी, घराचा पत्ता (लीज, विजेचं बिल) आणि लसीचं कार्ड. आणि आमचं कार्ड म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या अक्षरातलं. मुलगी जुलै २००९ ची, एमएमआर दिला १ ऑगस्ट २०१० ला, कार्डावर लिहिलं १/८/१०. इथल्या नर्सने वाचलं ८ जानेवारी. म्हणजे सहा महिन्यांची असताना दिला, म्हणजे धरायचाच नाही, कारण पहिला डोस वर्षाच्या वाढदिवसानंतरचाच चालतो. मी सांगतेय की बाई आमच्याकडे तारीख आधी लिहितात आणि महिना नंतर, ती हसून मान हलवतेय आणि कॉम्प्युटरमध्ये लाल खूण तशीच. शेवटी परत टोचलं पोरीला. कांजिण्यांचे दोन आणि हिपॅटायटिस ए चे दोन डोस इथे मागतात, आपल्या सरकारी लसीकरणात ते नसतात, तर तिथेच देऊन ये, स्वस्तात होईल.

ॲडमिशनच्या वेळी एक फॉर्म मिळेल, घरी जास्त वेळ कुठली भाषा बोलता. मी अभिमानाने मराठी लिहिलं. खरं म्हणजे आपल्या इंदूरच्या घरात मराठी किती आणि हिंदी किती हे देवालाच ठाऊक, पण लिहिलं. त्यावरून मुलीची इंग्रजीची परीक्षा झाली, नव्या देशातला तिसरा दिवस, ती तोंडच उघडेना, आणि इंग्लिश मीडियममधून आलेली माझी पोर ईएसएलमध्ये गेली, म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्या मुलांच्या वर्गात. मग दर स्प्रिंगला तिची वेगळी परीक्षा. खोटं लिही असं मी म्हणत नाहीये. पण पालक त्या वर्गाला नाही म्हणू शकतात, लेखी, हे मला दीड वर्षाने कळलं, आणि नाही म्हटलं तरी ती दरवर्षीची परीक्षा द्यावीच लागते हे त्याच्याही नंतर.

आता रेटिंग. तो वेबसाईटवरचा आकडा म्हणजे बराचसा टेस्टचे मार्क, आणि मार्क म्हणजे बरंचसं त्या वस्तीतल्या आईबापांचं शिक्षण आणि पगार. राज्य स्वतः ए पासून एफ पर्यंत ग्रेड देतं शाळांना, त्यावर आयएसडी (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणारे शाळा-जिल्हे) कोर्टात गेल्या आणि २०२३ ची ग्रेड २०२५ च्या एप्रिलमध्ये बाहेर आली. तोपर्यंत पाचवीतलं पोर सातवीत. त्या ग्रेडवर घर घेणार तू?

मी घेतलं होतं. २०१८ ला. दोन वर्षं अपार्टमेंटमध्ये राहून ९ रेटिंगच्या शाळेच्या झोनमध्ये, मुलगी चालत जाईल एवढ्या अंतरावर. आपल्याकडे कसं, पागनीस पागेत राहिलं काय आणि विजयनगरला राहिलं काय, फी भरली की शाळा तुमची. इथे शाळा घराच्या पत्त्याला चिकटलेली असते, आणि कुठला पत्ता कुठल्या शाळेला हे ठरवतं स्कूल बोर्ड. आमच्याकडे सात जण, निवडून आलेले, पगार शून्य, कोणी डेंटिस्ट, कोणी रियल इस्टेटवाला. आपल्याकडे आरटीईमधली शाला प्रबंधन समिती असते ना सरकारी शाळेत, तसं नाही, त्यांच्या हातात कोट्यवधी डॉलरचं बजेट असतं आणि टॅक्सचा रेटही तेच ठरवतात.

पैशाचे दोन डबे समज. एका डब्यातून पगार, वीज, बसचं डिझेल. दुसरा डबा कर्जाच्या हप्त्यांचा, त्यातून इमारती, छप्पर, नव्या बस, एसी. दुसऱ्या डब्यातला पैसा शिक्षकाच्या पगाराला लावता येत नाही, म्हणून "पगाराला पैसे नाहीत आणि स्टेडियम बांधतात" ही ओरड दरवर्षी ऐकशील. ओरडीला कारणही आहे, आमच्या जवळच ॲलनला ६ कोटी डॉलरचं हायस्कूलचं फुटबॉल स्टेडियम आहे, १८ हजार लोक बसतील असं, २०१२ ला उघडलं आणि २०१४ ला काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद करावं लागलं. आपलं नेहरू स्टेडियम आठवलं मला.

पहिल्या डब्याचं असं की राज्य पैसे देतं ते रोज सरासरी किती मुलं हजर आहेत त्यावर. म्हणून शाळेतून गैरहजेरीचे फोन फार येतात, प्रेमाने नाही. आणि ९० टक्के दिवस हजेरी नसेल तर क्रेडिट अडतं, म्हणजे वर्ग पूर्ण केला असं धरत नाहीत, तेव्हा भावाच्या लग्नाला महिनाभर इंदूरला जाऊ हे विसर, किंवा आधी ऑफिसात बोलून घे. प्रत्येक मुलामागचा मूळ आकडा २०१९ पासून ६,१६० डॉलर होता, मधे सगळं महाग झालं तरी तोच, २०२५ ला वाढवला तो किती, तर ५५ डॉलर. शिक्षकांच्या पगाराला वेगळे दिले ते खरं, पण पंचावन्न! वर श्रीमंत वस्तीतल्या आयएसडीकडून राज्य पैसे काढून दुसरीकडे देतं, १९९३ पासून, लोक त्याला रॉबिनहूड म्हणतात, शिवी दिल्यासारखं. मला मात्र ते चुकीचं वाटत नाही, पण हे शेजारी बोलू नकोस.

दुसऱ्या डब्यासाठी बोर्डाला लोकांची मतं लागतात, त्याला बाँड म्हणतात. आमच्या भागात घरं भराभर होत होती, शाळेमागे पोर्टेबल आले होते, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या खोल्या, मुलीचा चौथीचा वर्ग त्यातच, पाऊस पडला की बाईंचा आवाज ऐकू यायचा नाही. नवी शाळा बांधायला बाँड आणला आणि तो थोडक्या मतांनी पडला. समोरच्या आजोबांच्या अंगणात "नो" ची पाटी होती. गंमत म्हणजे ६५ नंतर राहत्या घरावरचा शाळेचा टॅक्स गोठतो, त्यांच्या बिलात काही वाढणारही नव्हतं. आणि आम्ही, ज्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला सगळ्यात मोठा तुकडा शाळेचा, आम्हाला मतच नाही, कारण सिटिझन नाही. आजही नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, मुलगी २१ ची झाली की आमच्या फाईलमधून ती बाहेर पडेल, तो विषय वेगळा आणि त्यावर मी रात्री लिहीत नाही. (हल्ली तर कायद्याने बाँडच्या मतपत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापावं लागतं की ही प्रॉपर्टी टॅक्सची वाढ आहे, २०१९ पासून, रेट वाढत असो वा नसो. त्यावर कोण हो म्हणेल सांग.)

नवी शाळा नाही, मग असलेल्यात मुलं वाटा. २०१९ च्या फेब्रुवारीत बोर्डाने नकाशे आणले, ऑप्शन ए, बी आणि सी. सी मध्ये पिवळी रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध. पलीकडचे आजोबा, ज्यांच्या घरी पोर नाही, ते जुन्या शाळेत, आणि आम्ही चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या. पाचवीत जाणाऱ्यांना जुन्या शाळेत शेवटचं वर्ष राहता येईल अशी सूट होती, पण खाली बारीक अक्षरात, बस मिळणार नाही. आणि तू म्हणशील, चालत जायचं होतं ना. रेघेपलीकडे गेलो म्हणून तिथला क्रॉसिंग गार्ड पण जाणार होता, मधे सहा लेनचा रोड, आणि आमच्याकडे एकच गाडी, नवरा सकाळी सात वाजता घेऊन जायचा. मी लायसन्स काढलं नव्हतं. तीन वर्षं. भीती वाटायची हायवेची, आज काढू उद्या काढू. म्हणजे बोर्डाला शिव्या देताना हेही मला माहीत असतं.

मत नसलं तरी बोलता येतं. आधी कार्ड भरायचं, आमच्याकडे तीन मिनिटं देतात, गर्दी असली की दोन. आता तर राज्याचाच कायदा आहे की अजेंड्यावरच्या विषयावर बोलू द्यायलाच हवं, आणि तिथे सिटिझन आहात का कोणी विचारत नाही. मी भाषण लिहिलं. बसची एक फेरी एका वर्षासाठी ठेवा, अकरा मुलांचा प्रश्न आहे, एवढंच. आठवडाभर स्वयंपाकघरात फोनवर टायमर लावून म्हणत होते, दोन मिनिटं चाळीस सेकंद.

माझे वडील इंदूरला मराठी शाळेत मास्तर होते. दोन खोल्या बांधायच्या होत्या तर सुट्टीत पावतीपुस्तक घेऊन राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत दुकान न दुकान फिरले, मी बरोबर, कार्बन पेपर सरकवायचं काम माझं. कोणी ११ रुपये, कोणी २१, कोणी उद्या या. एका सोनाराने तिसऱ्यांदा उद्या या म्हटलं तर बाबा दुकानासमोरच्या पायरीवर बसले, म्हणाले उद्यापर्यंत इथेच थांबतो. मिळाले. एका खोलीचं प्लास्टर मात्र कधीच झालं नाही. आता ती शाळाही नाही.

तर अशा माणसाची मुलगी मी. मीटिंगला गेले, शेजारणीने सोडलं. हॉल भरलेला, गोरी माणसं टीशर्ट छापून आलेली, एका बाईने तर नकाशावर रडून दाखवलं. माझा नंबर नववा. नाव पुकारलं. आडनावात ळ आहे माझ्या, नावं पुकारणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा काहीतरीच म्हटलं, दुसऱ्यांदा त्याहून वेगळं. मला कळलं होतं की मीच. कागद हातात होता. मी मान वळवून मागे पाहिलं, जसं काही मलाही बघायचंय की ही कोण बाई. मग दहावं नाव पुकारलं.

ऑप्शन सी पास झालं, सात विरुद्ध शून्य. बस नाही. मुलगी पाचवीला नव्या शाळेत गेली, ऑगस्टपासून एकटीच डबा खायची असं तिच्या बाई म्हणाल्या, जरा मैत्रीण झाली तोवर मार्च आला आणि कोविड, पाचवी संपली आयपॅडवर. मी बोलले असते तर बस मिळाली असती का? नसतीच. पण ते वेगळं.

त्या रात्री बाबांचा फोन, "बोललीस का?" मी हो म्हटलं. काय करू, ते इतके वाट बघत बसले होते. तेव्हापासून ते सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर सगळ्यांना सांगतात की आमची पोर अमेरिकेत बोर्डापुढे उभी राहून बोलली. गेल्या वर्षी मी इंदूरला आले तेव्हा एक काका मला म्हणाले, शाबास.

हां, तुझं घर. पहिलं वर्षभर भाड्याने राहा. एरिया पाहताना रेटिंग बघू नकोस, बोर्डाच्या मागच्या सहा महिन्यांच्या मीटिंगचा अजेंडा बघ, वेबसाईटवर असतो. मुलं वाढतायत की कमी होतायत ते बघ, कारण कमी झाली तरी धोका आहेच, प्लेनोने २०२४ ला चार शाळा बंद करायचं ठरवलं, चांगल्या चालणाऱ्या भागात. बिल्डर "इथेच नवीन शाळा येतेय" म्हणाला तर बाँड पास झालाय का विचार. चौथीपर्यंत वर्गात २२ मुलांची मर्यादा आहे, पण सूट मागून घेतात, तेही विचार. आणि लायसन्स पहिल्या दोन महिन्यांत काढ, नवऱ्यावर ठेवू नकोस.

मीटिंगचे व्हिडिओ पण असतात. मुलगी आता अकरावीत आहे, गव्हर्नमेंटच्या प्रोजेक्टला जुने बघत बसली होती, तर हाच सापडला तिला. मी भांडी घासत होते. "आई, हे तुझं नाव घ्यायचा ट्राय करतायत का?" मी हो म्हटलं. तिने थोडं मागे नेऊन परत लावलं, दोन्हीदा चुकवलंय त्यांनी. "मग तू कुठे होतीस?" मी म्हटलं तिथेच. ती पुढचं काही बोलली नाही, लॅपटॉप घेऊन वर गेली.

लसीच्या कार्डावर महिना अक्षरात लिहून घे डॉक्टरांकडून, आणि खाली शिक्का.