उत्तर: बागेची ‘उलथापालथ’ झाली की बागेत ‘गोंधळ’ झाला?

वादळी वाऱ्याने पोफळी (सुपारीची झाडे) पडल्याच्या भरपाईच्या अर्जात ‘बागेची उलथापालथ झाली’ असे लिहावे की ‘बागेत गोंधळ झाला’, हा आपला प्रश्न वाचून २०२० चा जून आठवला, म्हणून सविस्तर लिहितो. मी भाषातज्ज्ञ नाही आणि महसूल खात्यातलाही नाही; बागायतदार म्हणून जे कळले तेवढेच सांगतो.

निव्वळ अर्थ पाहिला तर ‘उलथापालथ’ योग्य. त्यात आधीची एक घडी गृहीत असते आणि ती मोडून खालचे वर, वरचे खाली होते. म्हणूनच राजकारणात किंवा एखाद्याच्या आयुष्यात उलथापालथ होते. गोंधळाला अशी घडी लागत नाही. माणसे, कागद, विचार एकमेकांत मिसळले की पुरे. क्रियापदेही निराळी आहेत: गोंधळ उडतो, तारांबळ उडते, खळबळ माजते, उलथापालथ मात्र होते किंवा घडते, ती उडालेली मी तरी ऐकलेली नाही. देवीचा गोंधळ संबळ-तुणतुण्यावर घालतात आणि सभेत आरडाओरडा करणाराही गोंधळच घालतो, ही त्या शब्दाची गंमत. ‘उलटापालट’ याहून सौम्य आहे. त्यात क्रम फिरला एवढेच कळते.

अर्जात मात्र यांपैकी एकही शब्द नको, असे माझे ठाम मत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या अर्जात झाडांचे वेगवेगळे वर्णन होते. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) गोषवाऱ्यात त्याची एकच ओळ केली, ‘बागेत उलथापालथ’. पुढच्या टेबलावरच्या गृहस्थांनी, उलथलेले पुन्हा सुलटे करता येते या न्यायाने, नुकसान ‘अंशतः’ ठरवले. दाद मागितली तर प्रत्येक टेबलाने मागच्या टेबलाकडे बोट दाखवले. फळबागांसाठी जाहीर झालेली मदत हेक्टरी ५०,००० रुपये, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५००; आमच्या बागा गुंठ्यांत मोजायच्या, त्यात हे ‘अंशतः’!

तेव्हा जे दिसते तेच लिहावे. पोफळ मध्यावर मोडली, माड मुळासकट उन्मळला, माडाचा शेंडा पिळवटून तुटला, ही तीन वेगळी नुकसाने आहेत. तिसऱ्याकडे विशेष लक्ष द्या: माडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड संपले, पण खोड उभे दिसते म्हणून पाहणीला येणारे ते वाचलेल्यांत धरतात. अशा झाडांची संख्या स्वतंत्र ओळीत द्यावी, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्याखालचा गोषवारा स्वतः वाचावा. आपल्या प्रतीवर तारखेची पोच घेण्यास विसरू नये. नियम दरवेळी बदलतात, त्यामुळे सध्याचे दर आपल्या तलाठ्यांकडूनच खात्री करून घ्यावेत.